शेपूट आलं म्हणजे सगळे आले

माणूस तोंडानं खोटं बोलतो, बुडानं बोलत नाही, असं मामांचं ठाम मत होतं. कुशनचं दुकान चालवणाऱ्या माणसाचं दुसरं काय मत असणार? गिऱ्हाईक खुर्ची घेऊन आलं की मामा आधी तिची जुनी बैठक निरखायचे. एका बाजूनं जास्त खचलेली दिसली की बोललेच. "एकाच अंगावर बसता तुम्ही. घरात टीव्ही दाराच्या बाजूला आहे, की सासूबाई?" गिऱ्हाईक कधी हसायचं, कधी रागवायचं, पण खुर्ची ठेवून जायचं. कारण मामांनी भरलेल्या खुर्चीवर बसलं की उठायला जिवावर येई, ही गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक होती.

दुकान गल्लीच्या टोकाला, रस्त्यापासून दोन पायऱ्या खाली. अर्धी जागा फोमच्या गुंडाळ्यांनी खाल्लेली. उरलेल्या जागेत शिलाईचं मोठं मशीन, कापडाचे गठ्ठे, कुणाचा तरी उघडा पडलेला सोफा, आणि सगळीकडे रेक्झिनचा वास. खिळे ठोकायला मशीन केव्हाच आलं होतं, पण कडेचं बारीक काम मामा हातानंच करायचे. मूठभर खिळे ओठांत धरायचे आणि एकेक काढून ठोकायचे. त्या वेळी ते बोलत तेही खिळ्यांच्या फटीतून, आणि ते बोलणं मामींशिवाय कुणालाच कळत नसे. मामी म्हणायच्या, "खिळे असले की निदान खरं तरी बोलतात. थापा मारायला तोंड मोकळं लागतं."

मशीनच्या वर, छताच्या हुकाला, मामांची सायकल टांगलेली असे. जाड टायरची, खडीच्या रस्त्यावर चालणारी. थंडी ओसरली की ती खाली उतरायची, कारण भाच्याचा दौरा निघायचा.

भाचा जमीनमोजणी खात्यात होता. सख्ख्या बहिणीचा एकुलता एक मुलगा. त्याला सायकल मामांनीच शिकवलेली, सीटला मागून धरून, गल्लीतून धावत. पुढं नोकरीत त्याला असे रस्ते सापडत गेले की जे कुठंच जात नाहीत. बंद पडलेल्या खाणींचे, मेंढपाळांचे, जंगलखात्याचे. नुसती खडी, मुरूम आणि धूळ. माणसं जिथून पळ काढतात तिथं मुद्दाम जाण्यात त्याला भारी गोडी. दरवर्षी तो पंधरावीस वेड्यांना जमवून आठवडाभर अशा रस्त्यांवर फिरवून आणायचा. मामा त्याचे, म्हणून सगळ्या ग्रुपचे मामा. मामी दुकानाचा टेम्पो घेऊन डांबरी रस्त्यानं वळसा घालून पुढं जायच्या, सामान आणि स्वयंपाकाची भांडी घेऊन. टेम्पो त्या स्वतः चालवत, आणि त्यांच्या शेजारी बसलेला माणूस मुक्कामाला पोचेपर्यंत देवभोळा झालेला असे.

ग्रुपमध्ये मामांचं काम एकच. शेवटी राहायचं. पहिल्याच दौऱ्यात कुणाची चेन तुटली, कुणाला रडू आलं, कुणाची पाण्याची बाटली पडली; मामा प्रत्येकासाठी थांबत गेले आणि रोज शेवटचे पोचले. दुसऱ्या वर्षी भाच्यानं ते रीतसर ठरवूनच टाकलं: मामा आपलं शेपूट. शेपटाच्या मागे कुणी राहायचं नाही. कुणाला आडोशाला जायचं असेल तर हेल्मेट रस्त्याच्या कडेला काढून ठेवायचं, म्हणजे शेपूट तिथं थांबतं. त्यामुळं ग्रुपात डोकी मोजायची पद्धतच कधी पडली नाही. खिंडीच्या माथ्यावर मामांची पिवळी टोपी दिसली की कुणीतरी ओरडायचं, "शेपूट आलं!" आणि सगळे उठून ढुंगण झटकायचे. शेपूट आलं म्हणजे सगळे आले.

मामांना या पदाचा केवढा अभिमान! दुकानात सोफा न्यायला आलेल्या माणसालाही ते ऐकवायचे, "पुढं काय, कुणीही जातं. मागे राहायला माणूस लागतो." वाटेत पडलेले हातमोजे, गॉगल, एकदा तर एका गृहस्थांची दातांची कवळी, असं काय काय त्यांनी उचलून आणलेलं. खडीवरची टायरची खूण बघून कोण कुठं उतरला, कोण चालत गेला, हे ते सांगू शकत. खिशात बेदाणे असत. ज्याचा धीर सुटला त्याला बेदाणे द्यायचे, आणि जुन्या खुर्च्यांच्या गोष्टी सांगत सांगत चढ चढवायचा.

या वर्षी मात्र गुडघ्यानं घोळ घातला होता. जमिनीवर मांडी घालून सोफ्याच्या तळाचे पट्टे ताणताना उठायला दोनदा प्रयत्न करावे लागत, ते मामींनी पाहिलं होतं. भाच्यानंही पाहिलं. दौऱ्याच्या आधी तो दुकानात आला आणि अर्धवट भरलेल्या एका खुर्चीच्या कडेवर अवघडून बसला.

"मामा, एक बोलायचं होतं."

"बोल की. पण स्प्रिंगवरून ऊठ, टोचेल."

भाचा उठला, पुन्हा बसला. "शेपटाकडं ताकद उरलेली लागते, मामा. कुणाला काही झालं तर परत मागं जायला, ढकलायला. गेल्या वर्षी शेवटच्या दिवशी तुम्हालाच ढकलावं लागलं."

मामांच्या तोंडात खिळे होते. ते काहीतरी म्हणाले. आतून मामींचा आवाज आला, "वारा उलटा होता म्हणतायत."

"वारा होता, खरंय. पण या वर्षी तुम्ही टेम्पोतून आलात तर? नाहीतर शेपूट नका होऊ. मधे चला, सगळ्यांसारखे. मागे कुणीतरी राहील."

मामांनी खिळे तळहातावर काढले. "माझ्या मागे? माझ्या मागे कोण राहणार?"

हे त्यांना खरोखरच समजत नव्हतं. मधे चालणं म्हणजे कुणीतरी आपल्यासाठी ताटकळणार, आपली चेन बसवणार, आपल्याला बेदाणे देणार. त्यापेक्षा टेम्पो बरा. आणि टेम्पो म्हणजे तर मेल्यासारखंच. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, मामांचा तर सुंभही अजून धड पेटला नव्हता. शेवटी मामा-भाच्यांनी तोड काढली. शेपूट मामाच. पण एखाद्या दिवशी ग्रुपला त्यांच्यासाठी फार वेळ थांबावं लागलं, तर दुसऱ्या दिवसापासून सायकल टेम्पोत आणि मामाही टेम्पोत. मामांनी हात पुढं केला. भाच्यानं तो नाइलाजानं हातात घेतला.

दौऱ्यात या वेळी एक नवीन बाई होत्या. एस्टी स्टँडवर तिकिटाच्या खिडकीत बसणाऱ्या. आयुष्य काचेमागं गेलेलं, त्यामुळं बोलणं मोजकं. एक वाक्य झालं की त्या गप्प होत, जणू मागं रांग खोळंबलीय. ग्रुपनं पहिल्याच दिवशी त्यांचं नाव तिकीटबाई ठेवलं. सायकल हळू चालवायच्या, पण कुरकुर नाही. साहजिकच रांगेत त्या मामांच्या अगदी पुढं. मामींना त्या पहिल्या संध्याकाळीच आवडल्या, कारण जेवण झाल्यावर त्यांनी स्वतःचं ताट धुतलं आणि न विचारता मामींचंही.

पहिले काही दिवस मामांनी दात आवळून निभावले. दोनदा उशीर झाला. भाच्यानं घड्याळाकडं बघितलं आणि मग मुद्दाम ढगांकडं. दुसऱ्यांदा तो हळूच म्हणाला, "मामा, उद्या मोठी खिंड आहे. उद्या बघू." त्या रात्री त्यांनी गुडघ्याला मलम चोळलं, आणि मामींना वास येऊ नये म्हणून त्यावर पायमोजा चढवला. मामींना वास आलाच. त्यांनी फक्त पांघरूण मामांच्या बाजूला जास्त सरकवलं.

खिंडीचा रस्ता म्हणजे डोंगराच्या पाठीवर खडीचा एक पांढरा ओरखडा. झाड नाही, घर नाही. एका बाजूला उतरती माळरानं, दुसऱ्या बाजूला अधूनमधून मेंढपाळांनी रचलेल्या दगडी भिंती, छप्पर उडालेल्या. मामांनी त्या दिवशी डोकं लढवलं. बोलण्यात दम घालवायचा नाही. खाली बघायचं, पेडल मारायचं. तिकीटबाई पुढच्या वळणावर दिसत, मग नाहीशा होत, मग परत दिसत. बऱ्याच वेळानं मामांच्या लक्षात आलं की गुडघा आज गप्प आहे. त्यांना एकदम तरतरी आली. आणि तेवढ्यात माथ्यावरून हसण्याचा आवाज ऐकू आला. मंडळी अजून हसत होती! म्हणजे नुकतीच पोचली होती, कंटाळून गप्प व्हायच्या आतच शेपूट येणार होतं.

त्याच क्षणी त्यांना खूण दिसली. एकच टायर, ताजी, रस्ता सोडून डावीकडं भिंतीच्या दिशेनं गेलेली. कडेला हेल्मेट मात्र नव्हतं.

मामा खरं तर अशा खुणेसाठी उतरायचे. उतरून दोन हाका मारायच्या, एवढंच काम. पण चढावर एकदा उतरलं की या गुडघ्यानं परत चढता येईलच असं नाही, हे त्यांना माहीत होतं. वर हसणं चालू होतं. मेंढपाळाची असेल, ते मनात म्हणाले. मेंढपाळही हल्ली सायकली चालवतात. हेल्मेट नाही, म्हणजे आपलं कुणी नाही. आणि पुढच्या वळणावर तिकीटबाई दिसल्या नाहीत, तर त्यांनी ठरवून टाकलं की बाई आज जोरात आहेत.

माथ्यावर त्यांची पिवळी टोपी दिसली आणि एकच गलका झाला. "शेपूट आलं! आज शेपूट घोड्याचं आहे!" कुणी टाळ्या वाजवल्या. भाच्याचा चेहरा असा खुलला की मामांना तिथंच बसून रडावंसं वाटलं. पलीकडच्या दरीतून गार वारा येत होता, घामेजलेल्या अंगांना हुडहुडी भरायला लागली होती. कुणी थांबलं नाही. सगळे उठले, ढुंगणं झटकली आणि उतारावर सुटले. उतारावर कोण कुणाला बघतो? खडी टायरखालून उडत होती, आणि मामा लहान मुलासारखे दोन्ही पाय पसरून खाली चालले होते.

मुक्काम होता दूध संकलन केंद्राच्या मोठ्या खोलीत. सिमेंटची जमीन, भिंतीला रिकाम्या कॅनांची रांग, कोपऱ्यात मामींचा स्टोव्ह. मामी सूप वाढत होत्या. वाढता वाढता त्यांचा हात थांबला.

"काचेमागची कुठं आहे?"

"असेल की बाहेर," कुणीतरी म्हणालं.

"बाहेर नाही. मी आत्ता आले बाहेरून."

"पण मामी, शेपूट आलं ना? मग सगळे आलेच की."

हे म्हणणारा पोरगेलासा गडी अगदी सरळ मनानं म्हणाला होता. पण सगळ्यांनी मामांकडं बघितलं. मामांनी हातातला पाव ताटात ठेवला आणि उभे राहिले. या वेळी पहिल्या प्रयत्नात.

टेम्पो त्या खडीवर चढणं शक्यच नव्हतं. भाच्यानं टॉर्च, ट्यूब आणि पंप घेतला. "मामा, तुम्ही थांबा."

"नाही," मामा म्हणाले. एवढंच. भाचा वाद घालणार होता, पण मामी म्हणाल्या, "जाऊ दे त्यांना. इथं राहिले तर भिंतीवर डोकं आपटतील, आणि ती भिंत आपली नाही."

दिवस मावळायला टेकला होता. उतरताना गंमत वाटलेला तो रस्ता आता अंगावर येत होता. थोड्याच वेळात मामा म्हणाले, "तू हो पुढं. मला ओढत बसू नकोस." भाचा गेला. मामा चढले, उतरले, ढकलत चालले, पुन्हा चढले. गुडघा आता गप्प नव्हता. मनात एकच: बाई कुठं पडल्या असतील, डोकं आपटलं असेल, हाका मारत असतील. आणि आपण खूण बघितली. दिसली नाही असं नव्हे. बघितली.

माथा ओलांडून ते पलीकडं उतरले. त्या भिंतीपाशी भाचा उकिडवा बसून ट्यूब बदलत होता. तिकीटबाई एका दगडावर बसल्या होत्या, धडधाकट. खिंडीकडं त्यांची पाठ होती. तोंड खाली दरीकडं, ज्या रस्त्यानं सगळे वर आले होते त्या रस्त्याकडं. भाचा आला तरी त्या तशाच बसलेल्या असाव्यात. मामांच्या टायरखालची खडी वाजली तशी त्यांनी मान वळवली आणि नवलानं बघत राहिल्या.

"मामा, तुम्ही पुढून कसे आलात?"

मामा सायकलवरून उतरले.

"आडोशाला गेले होते," बाई म्हणाल्या. "हेल्मेट ठेवायला लाज वाटली. तिथंच टायरला काटा लागला. म्हटलं, घाई कशाला? मामा मागे आहेतच." जरा थांबून त्या पुढं म्हणाल्या, "मग वाट बघत बसले. उशीर झाला तशी तुमची काळजी वाटायला लागली. म्हटलं, गुडघा दुखत असेल."

एवढी लांब वाक्यं त्या बाईंच्या तोंडून कुणी ऐकली नव्हती. मामा खाली खडीवर बसले. कुणी रागावलं असतं तर त्यांनी सोसलं असतं, या काळजीनं मात्र त्यांना पार मोडून टाकलं. ते भाच्यासमोर, परक्या बाईसमोर, तोंडावर पिवळी टोपी धरून रडले. भाच्यानं पंप मारणं थांबवलं नाही. काय बोलावं ते कळत नसलं की हाताला काम असलेलं बरं, हे तो मामांच्याच दुकानात शिकला होता.

परत आल्यावर जेवणं झाली. बाई सुखरूप होत्या, हेल्मेट त्यांनी ठेवलं नव्हतं, चूक त्यांची असं सगळ्यांनी आपापल्या मनाशी ठरवून टाकलं होतं, आणि मामा गप्प बसले असते तर ते तसंच राहिलं असतं. पण मामा उभे राहिले. खूण दिसली होती, ते म्हणाले. ताजी होती. मी उतरलो नाही, कारण मला वेळेवर पोचायचं होतं. एवढं सांगून ते खाली बसले.

"उद्यापासून मी टेम्पोत," मामा म्हणाले.

"टेम्पोत जागा नाही," मामी म्हणाल्या.

"म्हणजे?"

"भांडी आहेत, अंड्यांचे ट्रे आहेत. आणि दिवसभर शेजारी बसून तुम्ही उसासे टाकणार, माझं लक्ष उडणार, टेम्पो खड्ड्यात जाणार. एका माणसाच्या दुःखापायी एवढी अंडी फोडायची का मी?"

लोक हसले, पण मामी हसल्या नव्हत्या. त्यांनी मामांच्या ताटात न विचारता आणखी एक उकडलेला बटाटा वाढला आणि त्यांच्या डोक्यावरून पटकन हात फिरवला. अशा गोष्टी त्या चारचौघांत कधी करत नसत.

"मग शेपूट कोण?" भाच्यानं विचारलं.

ग्रुपातले दोघे जुळे भाऊ रोज सगळ्यांत पुढं सुटायचे, त्यांनी मागं राहायचं म्हणजे त्यांना उपाशी ठेवण्यासारखं. बाकीचे एकमेकांकडं बघू लागले. तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला, खिडकीतून येतो तसा कोरडा आणि स्पष्ट.

"मी राहते. रांगेतला शेवटचा माणूस गेल्याशिवाय मी खिडकी लावत नाही. सवय आहे."

दुसऱ्या दिवशी मामा निघाले तेव्हा त्यांना आपण कुठं आहोत तेच कळेना. इतकी वर्षं पाठीमागं नुसता मोकळा रस्ता असायचा. आता तिथं खडी वाजत होती, शांतपणे, एका लयीत. ते वळून वळून बघत राहिले आणि दोनदा खड्ड्यात गेले. तिसऱ्यांदा बघितलं तेव्हा बाईंनी हात वर केला, काचेवर टकटक करावी तसा. मामांनी मान पुढं वळवली.

दुपारच्या चढावर गुडघ्यानं साथ सोडली. मामा उतरले. पुढचे लोक केव्हाच वळणाआड गेले होते. मागची खडीही वाजायची थांबली. बाई एक पाय जमिनीवर टेकून उभ्या होत्या, थोडं अंतर ठेवून.

"तुम्ही व्हा पुढं," मामा म्हणाले. "मी येतो सावकाश. माझ्यापायी कशाला थांबता?"

बाई सायकलवरून उतरल्या आणि खिशातून बेदाणे काढून त्यांच्यापुढं धरले.

"मी पुढं गेले, मामा, तर वर सगळ्यांना वाटेल तुम्ही पोचलात."